२२.४ लिटरने गणित केलं तर हायड्रोजन जास्त येतो, चूक कुठे?

अकरावी_नाशिकरोड
०.०४ ग्रॅम मॅग्नेशिअमची फीत, १० मिली २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. पाणी २५ अंशांवर होतं. गणिताने ३६.९ मिली यायला हवा, नळीत भरला ४५. ०.०२ ग्रॅमला २२.५ आला. हवा शिरतेय, की ॲव्होगॅड्रोचा नियम इथे लागू नाही?

वायूमापक
हवा शिरलेली नाही. फीत निम्मी केल्यावर वायूही निम्मा झाला ना? तापमान आणि दाब तेच असतील तर आकारमान मोलच्या, म्हणजे वायूच्या रेणूंच्या संख्येच्या, प्रमाणात बदलतं, नियम एवढंच सांगतो आणि तुमच्या नळीत तेच दिसलं. एक मोल वायूचे २२.४ लिटर हा आकडा मात्र ० अंश आणि पाऱ्याच्या ७६० मिमी दाबाचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८०-६०० मीटर उंच, म्हणून इथे दाब ७१० मिमीच्या आसपास असतो. त्यातून २५ अंशांवरचा पाण्याच्या वाफेचा दाब, २४ मिमी, वजा करा. हायड्रोजनच्या वाट्याला ६८६ उरतात.

२२.४ × (२९८ ÷ २७३) × (७६० ÷ ६८६) = २७.१ लिटर प्रति मोल

०.०४ ग्रॅम म्हणजे ०.००१६४६ मोल, म्हणून ४४.६ मिली. तुमचं वाचन छान आहे.

अकरावी_नाशिकरोड
पण हवामानाच्या ॲपवर दाब १०१० मिलीबार दिसतो. ७१० मिमी म्हणजे ९४७च होतात ना?

वायूमापक
ॲपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे गावोगावच्या दाबांची तुलना करता येते. तो घेतलात तर उत्तर ४१.७ मिली येईल आणि उगाच नळीवर संशय जाईल. प्रयोगशाळेतल्या वायुदाबमापीचं किंवा फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचं थेट वाचन घ्या.

प्रात्यक्षिक_मार्गदर्शक
दाबाचं पटलं. मला काळजी वजनाची वाटते. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर ०.०४ मध्ये ०.००५ची चूक सहज होते, म्हणजे साडेबारा टक्के! फीत आधी पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण वरचा ऑक्साइडचा थर आम्लात विरघळतो पण हायड्रोजन देत नाही. मग मीटरभर फीत एकदम तोला, आणि लागेल तेवढी लांबी मोजून कापा.

वायू मोजताना नळीतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत आणा. आत १० सेंटिमीटर पाणी वर राहिलं तर आतला दाब सुमारे ७ मिमीने कमी पडतो आणि आकारमान एक टक्का फुगतं. शिवाय अभिक्रिया उष्णता सोडते, त्यामुळे नळी पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत थांबूनच वाचन घ्या.

आलेख काढायचा असेल तर तीन-चार वेगवेगळ्या लांब्या घ्या, सगळ्या एकाच दिवशी. रेषा शून्यातून जायला हवी. ती वरून सुरू झाली तर नळी उलटी करताना बुडबुडा आत राहिला असं समजा.