मदत हवी आहे: रीबूटनंतर परत येणारी प्रोसेस कुठून सुरू होते?

नमस्कार मंडळी. सरावासाठी मिळालेल्या उबुंटू व्हर्च्युअल मशीनवर दोन दिवस अडकलोय. 'सुडो एसएस -टीएलएनपी' (उघडे पोर्ट आणि त्यामागच्या प्रोसेस दाखवणारी कमांड) दिलं की एका अनोळखी प्रोसेसने 4444 पोर्ट उघडा ठेवलेला दिसतो. (सुडोशिवाय प्रोसेसचं नावच येत नाही, यात पहिली संध्याकाळ गेली.) 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) त्या प्रोसेसचं नाव चौकटी कंसात 'केवर्कर' असं, म्हणजे कर्नल थ्रेडसारखं (लिनक्सच्या गाभ्याचं स्वतःचं काम करणाऱ्या प्रोसेससारखं) येतं. पण खऱ्या कर्नल थ्रेडचा पालक पीआयडी (ती सुरू करणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक) 2 असतो, इथे 1 आहे, म्हणजे सोंगच. प्रॉकमधली (चालू प्रोसेसची माहिती असलेल्या फोल्डरमधली) एक्झी लिंक, जी प्रोसेसची मूळ फाइल दाखवते, ती 'डिलीटेड' दाखवते. प्रोसेस मारण्याआधी त्याच लिंकवरून फाइल कॉपी करून ठेवली आहे.

रीबूट केलं की पुन्हा हजर! रूटचा क्रॉनटॅब आणि सिस्टमडीचे टायमर (प्रोग्राम ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयी) पाहिले, काही सापडलं नाही. आता कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधू? थेट उत्तर नको, शोधायची पद्धत समजावली तर फार मदत होईल.