सोनटक्क्याशेजारचं हे झाड वेलदोडा आहे का?

मृगसरी:
कुडाळजवळ परसात, मोरीच्या पाण्यावर, आल्याच्या कुळातलं दिसणारं एक बेट वाढलं आहे. उंची सहा-साडेसहा फूट. पानं दीड-दोन फूट लांब, चार-पाच बोटं रुंद, चकचकीत. चुरगळली की वेलचीच्या अंगाने जाणारा वास. नर्सरीतून वेलदोडा म्हणून आलेलं रोप आहे, पण ना फूल ना बोंड. दिवाळीनंतर सोनटक्क्याबरोबर याचीही खोडं जमिनीलगत छाटतो, पावसात नवे कोंब येतात. फुलाशिवाय ओळखता येईल का?

कंदमूळ:
बरंचसं येईल. आधी पानांची मांडणी बघा. दोनच रांगांत, आळीपाळीने असतील तर आल्याचं कुळ. खोडाभोवती गोल फिरत वर चढली असतील तर पेवा, आणि पेव्याच्या पानाला वास नसतो.

मग पान खोडाला बिलगतं तिथली जिभली, म्हणजे जिभेसारखा छोटा पडदा, बघा. सोनटक्क्याची पापुद्र्यासारखी पातळ, दोन-तीन सेंमी लांब असते. पान खालून लवदार लागतं. शेवटी पानाच्या कडेवरून बोट फिरवा, लव लागते का?

वासावर मात्र जाऊ नका. आल्पिनिया या आल्याच्याच कुळातल्या गटाच्या बऱ्याच जातींच्या पानांना मसाल्याचा वास असतो, म्हणून ती रोपं वेलदोडा म्हणून खपतात. खऱ्या वेलदोड्याचा फुलोरा बुंध्यातून निघून जमिनीलगत पसरतो.

मृगसरी:
पानं दोन रांगांत. जिभली जेमतेम सेंमीभर, केसाळ. पान खालून गुळगुळीत, कडेला मऊ लव आहे.

देवराई:
मग सोनटक्का बाद. आखूड केसाळ जिभली आणि कडेची लव बघता माझ्या मते शेल जिंजर, म्हणजे आल्पिनिया झेरुम्बेट. आल्पिनिया कॅल्कॅराटा एवढी उंच होत नाही आणि तिचं पान दोन-तीन बोटंच रुंद असतं. कुळंजन उंच होतं, पण त्याचा गड्डा मोडला की झणझणीत वास सुटतो. तेवढं तपासून घ्या.

फूल न येण्याचं कारण छाटणी. सोनटक्का त्याच वर्षीच्या खोडावर पावसाळ्यात फुलतो, त्यामुळे छाटला तरी बिघडत नाही. शेल जिंजर आदल्या वर्षीच्या खोडाच्या टोकाला फुलतं. दिवाळीनंतर सगळं सपाट केलंत की पुढचा फुलोराच गेला. यंदाची हिरवी खोडं अजिबात कापू नका, वाळलेली तेवढी काढा.

फुलोरा खाली लोंबणारा, कळ्या पांढऱ्या नि टोकाला गुलाबी, आतल्या पिवळ्या पाकळीवर लाल रेघा, असं दिसलं की ओळख पक्की. उभा फुलोरा आला तर जात दुसरी. फुलून गेलेलं खोड पुन्हा फुलत नाही, ते बुडाशी कापा.

कंदमूळ:
देवराईंशी सहमत. दाट सावलीत नुसती पानं माजतात, सकाळचं तीन-चार तास ऊन हवंच. युरिया नको. हिवाळा-उन्हाळ्यात ओल तुटू देऊ नका, राखलेली खोडं वाळली तर कळ्या येणार नाहीत. पाणी साचू मात्र देऊ नका, गड्डे कुजतात.

बेट फोडायचं तर फुलं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर. दोन-तीन कोंबांचा तुकडा घ्या, गड्डा चार-पाच सेंमी मातीखाली बसवा. फोडलेल्या तुकड्यांना लगेच फूल येणार नाही, म्हणून यंदा बेट तसंच राहू द्या.

आणि फूल बघून खात्री होईपर्यंत हा गड्डा काढ्यात किंवा स्वयंपाकात वापरू नका.