जकातीचा पैसा नेमका जातो कुठे

'जकात म्हणजे मशिदीत जमा होणारा फंड, त्याला हिशोब नाही' असं काही जण म्हणतात ते साफ चुकीचंय. जकात म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी आपल्या शिलकीतून गरजूंसाठी काढायचंच असं बंधनकारक दान. मी मिरजेचा, दर रमजानला आमच्या घरची जकात अम्मी माझ्यासमोर काढते. किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर बांगड्या किती ग्रॅम, बँकेत किती, कुणाचं देणं किती असं सगळं लिहायचं, आणि साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी शिल्लक चांद्र वर्षभर राहिली असेल तरच अडीच टक्के, म्हणजे हजाराला पंचवीस रुपये. बहुतेक उलेमांच्या (इस्लामी धर्मपंडितांच्या) मते हा पैसा मशीद बांधायला चालतच नाही, आईबापाला किंवा पोराबाळांना पण देता येत नाही, तो गरीब, कर्जात बुडालेला, अडकलेला प्रवासी अशांचाच हक्क, कुराणात असे आठ प्रकार सरळ सांगितलेत (सूरह तौबा, आयत ६०).

हां, जकात फक्त मुसलमान गरजूंना मिळते हा मुद्दा बऱ्याच अंशी बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण सदका, म्हणजे स्वखुशीने दिलेलं दान, कुणालाही देता येतो आणि तो देताना आमच्या घरात जात-धर्म बघत नाहीत. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी उतरल्यावर अम्मीने सदक्याचा डबा उघडला आणि पहिले पैसे सांगलीवाडीच्या मावशींना दिले, ज्या आमच्याकडे भाजी घेऊन यायच्या, त्यांची हातगाडीच वाहून गेली होती. मावशी घेत नव्हत्या, तर अम्मी म्हणाली, 'हे माझे नाहीत गं, तुझेच आहेत.'