इंडोनेशियन 'सुत्रादारा' म्हणजे आपला सूत्रधारच का?

खडूपेन्सिल : काल रात्री एक इंडोनेशियन भयपट पाहिला. भूत यथातथाच होतं, पण श्रेयनामावलीत 'सुत्रादारा' असं झळकलं आणि मी रिमोट हातात घेऊन मागे गेलो. हा आपला सूत्रधारच ना? पुढे नाव मात्र दिग्दर्शकाचं होतं.

आगाऊ : तोच. तिकडे महाप्राण टिकत नाहीत, 'ध'चा 'द' होतो. 'भूषण'चं 'बुसाना' झालं आणि अर्थ झाला पोशाख. गंमत म्हणजे आजच्या भाषेत 'सुत्रा' म्हणजे रेशीम आणि 'दारा' म्हणजे कुमारिका. शब्दाची अशी फोड कुणी केली तर दिग्दर्शकाची रेशमी मुलगी होते!

मोरपीस : सूत्र म्हणजे बाहुल्यांचे दोरे, तिथूनच आला असणार. जावामध्ये वायांग, म्हणजे बाहुल्यांचा खेळ, आहेच की.

आगाऊ : तिथेच घोळ आहे. 'वायांग कुलित'मधल्या चामड्याच्या बाहुल्यांना दोरे नसतात, काड्या असतात. रात्रभर त्या नाचवणारा, सगळ्यांचे आवाज काढणारा तो 'दालांग'. आणि बघा, दंगलीमागे कोण होतं हे लिहिताना तिकडची वर्तमानपत्रं 'दालांग' म्हणतात. आपल्याकडे 'दरोड्याचा मुख्य सूत्रधार अटकेत'. म्हणजे आपला सूत्रधार रंगमंचावरून थेट पोलीस चौकीत गेला, त्यांचा सिनेमात. गुन्ह्याची जागा दालांगने भरली.

पाटीवाली : नाटकाला 'सांदिवारा' म्हणतात तेही सांगा. 'सांदी' म्हणजे गुप्त, 'वाराह' म्हणजे शिकवण. जपानी अमलात (१९४२-४५) डच 'टोनील'ला हटवून हाच शब्द रूढ झाला. १९४४ साली उस्मार इस्माईल यांनी काढलेल्या नाटकमंडळीचं नाव होतं 'माया'. पुढे ३० मार्च १९५० रोजी त्यांनीच एका सिनेमाचं चित्रीकरण सुरू केलं. तो दिवस तिकडे राष्ट्रीय चित्रपट दिन. आता पुढाऱ्यांच्या सोंगालाही सांदिवाराच म्हणतात, आपल्या 'नाटकं करू नकोस'सारखं.

मोरपीस : दोऱ्यांचं मागे घेते. आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमाला 'आचारा'? तो आपला आचार का?

आगाऊ : हो. कोर्टाच्या कार्यपद्धतीलाही तिकडे आचाराच म्हणतात. विधी, मग विधींचा क्रम, मग कार्यक्रम असा प्रवास झाला असावा. सूत्रसंचालक म्हणजे 'पेंबावा आचारा', कार्यक्रम वाहून आणणारा. इथे सूत्र आपल्याकडे राहिलं.

खडूपेन्सिल : भारी. फक्त तो सिनेमा बघितल्यावर त्या सुत्रादाराला मराठी वर्तमानपत्रातला सूत्रधारच म्हणावंसं वाटतंय.