आईच्या आयटीपीसाठी दर आठवड्याला रोमिप्लोस्टिमचे इंजेक्शन सुचवले आहे. अनुभव व माहिती हवी आहे

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ५४ वर्षांची असून आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. मार्च महिन्यात तिच्या नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. बोटाने दाबले तरी ते फिके होत नव्हते, आणि दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबायला अर्धा अर्धा तास लागू लागला. प्लेटलेटची संख्या ८,००० निघाली. डेंग्यू, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्यांत काही आढळले नाही, आणि पुण्यातील रक्तविकारतज्ज्ञांनी इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार), असे निदान केले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे चार दिवस दिल्यावर आकडा १,१०,००० पर्यंत चढला, पण महिनाभरात पुन्हा १५,००० वर आला. दुसऱ्या वेळीही तसेच झाले, शिवाय साखर वाढली आणि आईची झोप पार उडाली. सध्या संख्या १२,००० आहे.

आता डॉक्टरांनी रोमिप्लोस्टिम सुचवले आहे. त्यांनी नीट समजावून सांगितले, पण त्या वेळी आमच्यापैकी कोणाचेही चित्त थाऱ्यावर नव्हते. हे इंजेक्शन नेमके काय करते, ते एकदा सुरू केले की जन्मभर घ्यावे लागते का, आणि सरळ प्लेटलेटच्या पिशव्या का चढवत नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे. घरातील वडीलधारी मंडळी पपईच्या पानांच्या रसाचा आग्रह धरत आहेत, तर मामा म्हणतात की पाणथरी काढून टाकली की प्रश्न कायमचा मिटतो. प्रत्येक आठवड्याला पुण्याला जाणे आम्हाला झेपणारे नाही, त्यामुळे गावाजवळ सोय होऊ शकेल का, हेही कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शक (प्रतिसाद)

मी रक्तविकार विभागात काम करतो. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. येथे केवळ औषधामागचे शास्त्र सांगतो.

१९५० साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी आयटीपीच्या एका रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात चढवून घेतले. काही तासांतच त्यांच्या स्वतःच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत खाली आल्या आणि पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, परंतु प्लेटलेट नष्ट करणारा घटक रुग्णाच्या रक्तातच असतो, हे त्यातून दिसून आले. तो घटक म्हणजे आपल्याच प्लेटलेटविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे. ती चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात ती, वेचून नष्ट करते. एरवी आठ ते दहा दिवस जगणारी प्लेटलेट त्यामुळे फार लवकर संपते. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटचीही तीच गत होते, म्हणून जीवघेणा रक्तस्राव होत असेल किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तरच त्या दिल्या जातात.

या आजाराची दुसरी बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली. प्लेटलेट नुसत्या नष्टच होत नाहीत, त्या पुरेशा तयारही होत नाहीत. यकृतात तयार होणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींना प्लेटलेट बनवण्याचा आदेश देते. रोमिप्लोस्टिम त्या पेशींवर हा आदेश झेलणाऱ्या त्याच जागेला, म्हणजे ग्राहीला, चिकटून तोच आदेश देते, मात्र त्याची रचना नैसर्गिक संप्रेरकाशी कोठेही जुळू नये अशी मुद्दाम केलेली आहे. त्यामागे एक कडू अनुभव होता. १९९० च्या दशकात नैसर्गिक संप्रेरकासारखेच बनवलेले एक औषध चाचणीत असताना काही निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात स्वतःच्याच थ्रॉम्बोपोएटिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ते औषध सोडून द्यावे लागले. रोमिप्लोस्टिमला अमेरिकेत ऑगस्ट २००८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचण्यांत, प्लीहा न काढलेल्या रुग्णांपैकी ६१ टक्के आणि प्लीहा काढलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांना टिकाऊ प्रतिसाद मिळाला, तर औषध नसलेले, निव्वळ दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे ५ टक्के आणि शून्य होते.

हे औषध प्रतिपिंडे थांबवत नाही, उत्पादन वाढवून नाशावर मात करते. म्हणून ते बंद केल्यावर आकडा पुन्हा घसरू शकतो, कधी कधी पूर्वीपेक्षाही खाली. काही रुग्णांमध्ये मात्र काही महिन्यांनी मात्रा हळूहळू उतरवून ते बंद करता येते आणि संख्या टिकून राहते. तो रुग्ण कोणता ठरेल, हे आधी ओळखता येत नाही.

आपले ध्येय दीड लाखाचे, म्हणजे निरोगी माणसाच्या आकड्याचे, नाही, हे घरातील सर्वांना कृपया समजावून सांगा. रक्तस्राव टळेल एवढी, म्हणजे ५०,००० किंवा त्याहून अधिक संख्या पुरेशी आहे. सुरुवात दर किलो वजनामागे १ मायक्रोग्रॅमने होते आणि आकडा ५०,००० पर्यंत पोहोचेपर्यंत दर आठवड्याला किलोमागे १ मायक्रोग्रॅमने मात्रा वाढवली जाते. कमाल मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅमची. संख्या ४,००,००० च्या वर गेली तर पुढचे इंजेक्शन थांबवावे लागते, कारण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना न चुकता सांगा. कमाल मात्रा चार आठवडे देऊनही आकडा पुरेसा हलला नाही, तर औषध बंद करून दुसरा मार्ग पाहतात.

प्लीहा काढण्याबद्दल आपले मामा अगदीच चुकीचे बोलत नाहीत. त्या शस्त्रक्रियेने अनेकांना दीर्घकाळ गुण येतो. परंतु काही रुग्ण पहिल्या वर्षभरात आपोआप सुधारतात, म्हणून शक्यतो निदानापासून किमान वर्षभर थांबावे असे आता सुचवले जाते. त्याशिवाय शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांच्या लसी घ्याव्या लागतात आणि जंतुसंसर्गाची जोखीम पुढे जन्मभर राहते. पपईच्या पानांच्या रसाचे म्हणाल, तर तो आग्रह डेंग्यूवरून आलेला आहे. डेंग्यूत ताप उतरल्यावर प्लेटलेट काही दिवसांत आपोआप वाढतात आणि श्रेय रसाला मिळते. आयटीपीत तशी आपोआप भरून येण्याची वाट १२,००० वर असताना पाहता येत नाही.

सोनचाफा (प्रतिसाद)

मी शिक्षिका आहे आणि गेली तीन वर्षे हे इंजेक्शन घेत आहे. कृष्णाकाठ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. सुई अगदी बारीक असते आणि ती पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली देतात, त्यामुळे दुखण्याची भीती बाळगू नका. मला पहिल्या महिन्यात डोके दुखत असे आणि गुडघे धरत असत. त्यावर मी डॉक्टरांना विचारून फक्त पॅरासिटामॉल घेत होते. घरातील ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या गोळ्या मात्र मी पहिल्याच दिवशी कपाटातून बाहेर काढल्या, कारण सवयीने हात तिकडेच जातो.

माझी एक चूक मुद्दाम सांगते. दुसऱ्या वर्षी गणपतीला आम्ही कोकणात घरी गेलो. माझा आकडा सलग काही आठवडे ९०,००० च्या आसपास होता. मुक्काम लांबला, आणि एक इंजेक्शन हुकले तर काय होणार, असे म्हणत मी दोन हुकवली. गौरीविसर्जनानंतर चार दिवसांनी आरशात पाहिले तर गालाच्या आतल्या बाजूला जांभळा, रक्ताने भरलेला फोड आला होता. तालुक्याच्या गावी तपासणी केली तेव्हा आकडा ९,००० होता. रात्रीच्या रात्री परतावे लागले आणि इम्युनोग्लोब्युलिन घ्यावे लागले. माझी मुलगी त्या प्रवासात माझा हात घट्ट धरून बसली होती, ते मी विसरू शकत नाही. तेव्हापासून आमच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक बुधवारभोवती लाल वर्तुळ असते आणि प्रवासाचे बेत त्या वर्तुळांच्या मध्ये बसवले जातात.

तोंडात असे फोड आले, शौचाला काळे झाले, किंवा कधी नव्हे असे तीव्र डोके दुखून उलटी झाली, तर पुढच्या बुधवारची वाट न पाहता तडक रुग्णालयात जा.

औषधनिर्माता (प्रतिसाद)

गावाजवळ सोय होऊ शकते, मात्र दोन गोष्टींवर सर्व अवलंबून आहे: थंडावा आणि अचूक माप. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. ती बर्फाला चिकटवून आणू नये, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. शीतपेटीत बर्फाच्या पिशवीभोवती टॉवेल गुंडाळावा आणि कुपी तिच्या खोक्यातच राहू द्यावी, म्हणजे प्रकाशापासूनही ती सुरक्षित राहते. घरच्या फ्रिजमध्ये ती दारात न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवा, आणि वीज जात असेल तर महिन्याभराचा साठा एकदम घेऊ नका.

औषध भुकटीच्या रूपात असते आणि पत्रकात दिलेल्या मापानेच निर्जंतुक पाणी घालून ते विरघळवावे लागते. पाणी घातल्यावर कुपी हलकेच गोल फिरवावी, जोराने हलवू नये. मूळ औषधाच्या पत्रकाप्रमाणे तयार द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम औषध असते. आईंचे वजन ६४ किलो धरले, तर पहिली मात्रा ६४ मायक्रोग्रॅमची, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिलिटर होते. एवढे थोडे माप नेहमीच्या २ मिलिलिटरच्या सिरिंजने अचूक घेता येणार नाही, ०.०१ मिलिलिटरच्या खुणा असलेली १ मिलिलिटरची सिरिंजच मागून घ्या. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते, म्हणून पहिले काही आठवडे इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला किलो, मायक्रोग्रॅम आणि मिलिलिटर हे तीनही आकडे डॉक्टरांकडून लिहून आणून द्या.

कुपीत उरलेले औषध पाहून जीव हळहळतो, कारण ते महाग आहे. परंतु त्यात जंतुरोधक घटक नसतो, त्यामुळे ते पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवता येत नाही. मूळ औषधाशी समरूप अशी भारतात बनलेली औषधेही मिळतात, त्यांच्याविषयी आणि लहान आकाराच्या कुपीविषयी डॉक्टरांकडे अवश्य विचारणा करा.

सूक्ष्मदर्शक (प्रतिसाद)

एक राहिले. एल्ट्रोम्बोपॅग नावाची रोजची गोळीही त्याच ग्राहीवर काम करते. तिला फ्रिज लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची काही औषधे यांच्यापासून ती काही तास दूर ठेवावी लागते आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. आईंच्या बाबतीत गोळीऐवजी इंजेक्शन का निवडले, हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. त्यांना तो खटकणार नाही.

कृष्णाकाठ (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना विचारले. आईचे यकृताचे आकडे मुळातच थोडे वाढलेले आहेत, म्हणून त्यांनी गोळी टाळली. पहिली दोन इंजेक्शने पुण्यात झाली आणि तिसरे आमच्या तालुक्याच्या गावी एका परिचारिकाताईंनी दिले. त्यांनी माप दोनदा तपासले आणि वहीत तीनही आकडे लिहून सही केली. आज सकाळी आकडा ३१,००० आला आहे. नडग्यांवरचे जुने ठिपके तपकिरी पडत चालले आहेत आणि नवे आलेले नाहीत. पपईचा रस थांबवला आहे, आजी थोडी नाराज आहे. पुढचा गुरुवार दिनदर्शिकेवर लाल शाईने खुणावला आहे; आकडा कळल्यावर येथे लिहीन.