‘ए-बी विंग’ ग्रुप : ए-७०२ काकांचे स्पीकर

ए-७०२ काका: नमस्कार मंडळी. पाणी, पार्किंग सोडून वेगळाच विषय आहे, सांभाळून घ्या. रिटायर झालो, आता एकदाचे चांगले स्पीकर घेतोय. गाणं म्हणजे आपलं शास्त्रीयच. तीन जोड्या ऐकून आलो, केईएफ एलएस५० मेटा, हार्बेथ पी३ईएसआर आणि क्लिप्श हेरेसी फोर. शोरूममध्ये प्रत्येक वेळी वाटलं हाच घ्यावा आणि रिक्षात बसेपर्यंत आधीचा कसा वाजत होता तेच आठवेना. घरी मुलाने दिलेला ८ वॉटचा वाल्वचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर आहे. कुणाला कळतं का यातलं?

ए-३०४: काका साउंडबार घ्या, स्वस्तात काम होतं, ब्लूटूथ पण असतं

ए-७०२ काका: बाळा तुझ्या साउंडबारवर परवाची मॅच मी सातव्या मजल्यावर ऐकली 🙏

बी-६०१: काका मला यातलं वेड आहे थोडं, बायकोला विचारा. आधी ॲम्पचं बोलू कारण खरी गोची तिथेच आहे. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो ते. हार्बेथची ८३.५ डेसिबल, एलएस५० ची ८५, आणि हेरेसीची ९९. वाचताना वाटतं थोडाच फरक आहे, पण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे हेरेसी १ वॉटमध्ये जेवढा आवाज काढेल तेवढ्यासाठी एलएस५० ला जवळजवळ २५ वॉट लागतील. त्यामुळे ८ वॉटवर हेरेसी आरामात, बाकी दोघांचं तान वर गेली की कठीण.

ए-७०२ काका: मग हेरेसीच की. नावाचा अर्थ पाखंड म्हणे?

बी-६०१: हो. पॉल क्लिप्शचा आधीचा मोठा स्पीकर, १९४६ चा, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, भिंतीच त्याच्या भोंग्याचा भाग. मग १९५७ ला त्यानेच कोपरा न लागणारा खोका काढला, तेव्हा कुणीतरी म्हणालं हे तर पाखंड झालं, आणि तेच नाव पडलं. पण घाई नको, हॉल केवढा आहे तुमचा?

ए-७०२ काका: ११ बाय १६. टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची काच, आणि मधे झोपाळा

बी-६०१: झोपाळा??

ए-७०२ काका: मी ऐकतो झोपाळ्यावरच. तो जाणार नाही, आमच्या हिने आधीच सांगितलंय.

बी-६०१: बरं 😄 तर ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. एवढ्या दोन भिंतींमध्ये ५१ हर्ट्झच्या (सेकंदाला ५१ कंपनांच्या) आसपासचा खालचा सूर अडकून घुमतो, कुठलाही स्पीकर आणा, गणितच तसं आहे. हेरेसी ४८ पर्यंत खाली जातो, खालच्या सुरांसाठी १२ इंची वूफर आहे, म्हणजे तो त्या घुमणाऱ्या जागेला नेमका हात घालणार. हार्बेथ ७५ च्या आणि एलएस५० ७९ च्या खाली हळू वाजायला लागतात, लहान हॉलमध्ये हे एका अर्थी बरंच आहे. शिवाय एलएस५० ला मागे भोक आहे, भिंतीला चिकटवला तर खालचा सूर फुगतो, मग लोक त्यात मोजे कोंबतात, चेष्टा नाही खरंच कोंबतात. हार्बेथ पूर्ण बंद खोका, भिंतीजवळ कमी त्रास.

ए-८०२: खालचा सूर स्लॅबमधून वर येतो का हो? लेकीची बारावी आहे

सेक्रेटरी: रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे, रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल. आणि लिफ्टला प्लायवूड लावल्याशिवाय खोकी चढवायची नाहीत.

बी-१०४ काकू: भाऊजी मी एक बोलू का. मला ते हर्ट्झ वगैरे कळत नाही पण तुम्ही शोरूमवाल्याच्या पेनड्राइव्हवर ऐकताय, त्याने ती गाणी छान वाजतात म्हणूनच निवडलेली असणार ना. माझा तानपुरा रेकॉर्ड करून न्या. दर गुरुवारी क्लास संपला की तुम्ही समोर बसून ऐकता, जवारी कशी लागलीय ते तुमच्या कानात पक्कं आहे. जिथे तो माझा तानपुरा वाटेल तो घ्या.

बी-६०१: काकू हे मला सुचायला हवं होतं!! तुमची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी) ना? मग सगळ्यात खालची, खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्झ, तिन्ही स्पीकर ती नीट देतील. पुरुषाचा काळी एकचा तानपुरा असता तर खर्ज ६९ ला, तिथे लहान दोघे ढिले पडले असते. आणि जवारी म्हणजे सगळी वरची झणझण, टाइल्स नि काच नेमकी तीच खरखरीत करतात. काका, ऐकायच्या आधी काचेवर जाड पडदा सोडा आणि मधे सतरंजी टाका.

(रविवार)

ए-७०२ काका: झालं. डिपॉझिट भरून तिन्ही घरी आणले, बी-१०४ वहिनी आल्या होत्या तानपुऱ्यासकट. आधी खरा छेडला, मग रेकॉर्ड केलेला. हेरेसीवर तबला अंगावर आला अगदी, पण मी जेमतेम ७ फुटांवर, त्याला अजून मागे बसायला हवं आणि मागे भिंत आहे. एलएस५० ची गंमत म्हणजे झोपाळा हलला तरी आवाज फारसा बदलत नाही.

बी-६०१: त्यात ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, मोठ्याच्या कोनच्या बरोब्बर मधे बसवलाय म्हणून. युनि-क्यू म्हणतात, १९८८ पासूनचं आहे

ए-७०२ काका: पण हार्बेथवर वहिनींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या पंचमाची तार किंचित उतरलीय. रेकॉर्ड करताना उतरली होती म्हणे, आधीच्या दोघांवर लक्षात नव्हतं आलं.

बी-१०४ काकू: तो स्पीकर तिसरा लागला हेही बघा, तोवर कान तापला होता

बी-६०१: काकू प्रामाणिक आहेत 🙏 पण हार्बेथचं घराणंच बोलक्या आवाजाचं, सुरू करणारा डडली हारवूड बीबीसीचा इंजिनिअर, १९७७ साली कंपनी काढली. फक्त काका ८ वॉट?

ए-७०२ काका: हळू ऐकलं तर पुरतं. द्रुत लयीत तान वर गेली की फाटतं. ५० वॉटचा साधा ट्रान्झिस्टरवाला ॲम्प बघतोय, मुलाला अजून सांगितलं नाहीये, कृपया इथेही कुणी सांगू नका, तो ग्रुपमध्ये आहे.

ए-३०४: काका

ए-७०२ काका: अरे देवा

ए-८०२: काका रविवारी स्पीकरचा काही त्रास झाला नाही, खरंच. पण तुमच्या झोपाळ्याच्या कड्या आमच्या बेडरूमच्या फरशीत करकरतात, आधी वाटायचं उंदीर आहे. त्याचं बघता का?

ए-७०२ काका: आज संध्याकाळी तेल घालतो.