थ्रॉटल सोडल्यावर ६५ ते ५२ च्या दरम्यान हँडल लटपटते: शॉकअपचे पाइप बदलण्यापूर्वी काय तपासावे?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ३५० सीसीची, स्पोकच्या चाकांची गाडी आहे. पुढचे चाक १९ इंची, टायर १००/९०-१९, आणि गाडी आजवर ३८,००० किलोमीटर चालली आहे. दोन महिन्यांपूर्वी तासवडे टोलनाक्यापाशी वेग उतरवताना हँडल डावीकडे-उजवीकडे झपाट्याने लटपटू लागल्याचे पहिल्यांदा जाणवले. तेव्हापासून ८० च्या वेगावरून थ्रॉटल सोडला की साधारण ६५ ला लटपट सुरू होते आणि ५२ च्या आसपास आपोआप थांबते. ब्रेक लावलेला नसतानाही हे होते. हँडल घट्ट धरले तर कंप तळहातात मुरतो, पकड किंचित सैल केली की तो स्पष्ट दिसतो.

त्याआधी गाडीत तीन बदल झाले होते. मागच्या पावसाळ्यानंतर हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते वाट्या आणि गोळ्यांचे बेअरिंग) नवा टाकला, जानेवारीत मागे सामानाची पेटी बसवली आणि लटपट सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पुढचा टायर बदलला. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेथे शॉकअपचे दोन्ही पाइप वाकले आहेत, ते बदलावे लागतील असे सांगण्यात आले; पण गाडी उचलून काही तपासले नाही. गाडी कधी पडलेली नाही. एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय, आणि कोणत्या क्रमाने तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. याच गाडीवर आईला घेऊन मी दर आठवड्याला साताऱ्याला जातो, त्यामुळे हा प्रश्न अंगावर काढण्याची माझी तयारी नाही.

गोदातीर (नाशिक)

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय बरीच वर्षे शिकवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सर्वांत आधी एक विनंती: तपासण्यासाठी म्हणून चालत्या गाडीवर दोन्ही हात सोडू नका. पकड सैल करून जे दिसते तेवढे निदानाला पुरेसे असते.

“गाडी हलते” या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळे दोष येतात. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर चाकांची सरळ रेष, वाकलेला भाग किंवा सामानाचा असमतोल पाहावा लागतो. वेग जास्त असताना संपूर्ण गाडी मागच्या बाजूने माशाच्या शेपटीसारखी सावकाश डुलत असेल, तर मागच्या चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, मागचा टायर आणि मागचे ओझे यांच्याकडे जावे. आपण वर्णन केले आहे तो तिसरा प्रकार: गाडी सरळ चाललेली असते आणि फक्त हँडल, पुढचा शॉकअप व चाक मिळून झपाट्याने लटपटतात. यालाच आपण वॉबल म्हणतो.

हा वॉबल ठरावीक वेगातच का येतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. आपल्या टायरचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर, म्हणजे परीघ जवळजवळ २.०८ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून त्या वेगाला चाक सेकंदाला आठ फेरे घेते. हँडलसह संपूर्ण पुढच्या भागाला स्वतःचा एक नैसर्गिक कंप असतो आणि तो बहुतेक मोटरसायकलींत सेकंदाला ४ ते १० आंदोलनांच्या दरम्यान पडतो. चाकात एखादा उंचवटा किंवा जड बाजू असेल तर प्रत्येक फेऱ्याला हँडलला एक धक्का बसतो, आणि धक्क्यांची गती त्या नैसर्गिक कंपाशी जुळली की झोक्याला वेळेवर ढकलावे तशी लटपट वाढत जाते. ८० च्या वेगाला चाकाचे फेरे दहाच्या वर गेलेले असतात, मेळ तुटतो आणि हँडल शांत होते. त्यामुळे आपल्या बाबतीत दोन प्रश्न सुटे करून पाहायला हवेत: धक्का कोठून येतो, आणि तो दाबून टाकण्याची पुढच्या भागाची ताकद कोणी कमी केली? धक्का बहुधा चाकातून किंवा टायरमधून येतो. सैल कोनसेट आणि मागचे वजन त्याला मोकळे रान देतात.

वाकलेल्या पाइपची लक्षणे निराळी असतात. शॉकअप दाबताना अडखळतो, ऑइल सील पुन्हा पुन्हा गळते, चाक सरळ असताना हँडल तिरके दिसते. यांपैकी काही आपल्याकडे आहे का? नसेल तर पाइपचा विचार सर्वांत शेवटी करावा.

तपासणीसाठी गाडी मुख्य स्टँडवर घ्या आणि मागे कोणाला तरी बसवून पुढचे चाक अधांतरी करा. प्रथम चाकाला वर आणि खाली धरून आडवे हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर चाकाचे बेअरिंग गेले असे समजा. मग शॉकअपची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. हँडलच्या मुळाशी बारीक “टक” जाणवला तर कोनसेट सैल आहे. त्यानंतर एक तार शॉकअपला बांधून तिचे टोक रिमपासून केसभर अंतरावर आणा आणि चाक हळू फिरवा. रिमची आऊट, म्हणजे फिरताना तिचे इकडेतिकडे सरकणे, दोन मिलिमीटरच्या आत असावी. तीच तार टायरच्या माथ्याजवळ, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाजवळ, नेऊन पुन्हा फिरवा. ही दुसरी फेरी बहुतेक लोक करत नाहीत, आणि दोष अनेकदा तेथेच सापडतो.

पंचगंगा गॅरेज (कोल्हापूर)

सरांनी सांगितलेला क्रम योग्य आहे. कोनसेटबद्दल मी थोडी भर घालतो, कारण माझ्याकडे वॉबलची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हा भाग फार वेळा दोषी निघतो.

नवा कोनसेट ठोकून बसवला तरी त्याच्या वाट्या फ्रेममध्ये पूर्ण बसायला काहीशे किलोमीटर लागतात. म्हणून पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणून तो पुन्हा आवळून घ्यायचा असतो. ग्राहक येत नाहीत आणि आम्ही मेकॅनिकही आठवण करून देत नाही, ही आमची चूक आहे. तुम्ही तो परत आवळून घेतला होता का?

आवळताना मात्र जोर लावू नये. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल मधोमध आणावे आणि बोटाने हलके ढकलावे. ते आपल्या वजनाने टोकापर्यंत गेले पाहिजे. मध्येच थांबत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे, किंवा केबल अडते आहे. जास्त आवळल्याने वॉबल दबल्यासारखा वाटतो, पण गाडी कमी वेगात सरळ राहत नाही, रस्त्यावर नागमोडी चालते आणि गोळ्यांच्या खुणा वाटीत उमटून काही महिन्यांत कोनसेट पुन्हा खराब होतो. हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर त्या खुणा उमटलेल्याच आहेत. तेथे आवळून उपयोग नाही, सेट बदलावा लागतो.

दुसरे म्हणजे स्पोक. पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारत जा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द आवाज करतो. दोन-तीन स्पोक सैल सापडले तर ते घरी आवळू नका, रिम ओढली जाते. त्यासाठी आऊट काढणाऱ्या अनुभवी माणसाकडेच चाक द्या.

खाडीकिनारा (ठाणे)

कृष्णाकाठ, टायर बदलल्यावर आठवडाभरात दोष सुरू झाला, हा धागा सोडू नका असे मला मनापासून वाटते. माझ्या गाडीला अगदी असाच त्रास होता आणि कारण टायर रिमवर नीट न बसणे हे निघाले. टायरच्या कडेला, रिमला लागून, एक बारीक उठावदार रेष सर्व बाजूंनी फिरलेली असते. तिचे रिमपासूनचे अंतर सर्वत्र सारखे दिसले पाहिजे. माझ्या टायरला वॉल्व्हजवळ ती रेष रिमच्या आत बुडालेली होती, म्हणजे तेवढ्या भागात टायर खाली दबलेला आणि समोरच्या बाजूला उचललेला होता. टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

चाचणी नेहमी एकाच गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर घ्या. खरवडलेल्या डांबरावर किंवा लांबट खाचांच्या काँक्रीटवर निर्दोष गाडीही तरंगल्यासारखी वाटते आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. टायरमधील हवाही चाक थंड असतानाच मोजावी.

कृष्णाकाठ (कराड)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या दोन रविवारी हे सर्व केले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून निकाल सविस्तर देतो.

शॉकअप अडखळत नाही, सील कोरडे आहेत, हँडल सरळ आहे. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही. शॉकअप ओढल्यावर हँडलच्या मुळाशी “टक” मात्र स्पष्ट लागला. कोनसेट बसवल्यानंतर मी तो परत आवळून घेतलाच नव्हता. पंचगंगा दादांनी सांगितलेल्या पद्धतीने तो ओळखीच्या मेकॅनिककडून आवळून घेतला आणि त्याच पट्ट्यावर गाडी चालवली. लटपट गेली नाही, पण आता ती ६० ते ५५ एवढ्यातच आणि पूर्वीपेक्षा निम्म्या जोराने येत होती.

पुढच्या रविवारी तार बांधली. रिमची आऊट एक मिलिमीटरही नव्हती, पण टायरचा माथा एका फेऱ्यात सुमारे तीन मिलिमीटर वर-खाली होत होता. खाडीकिनारा यांनी लिहिलेली रेष वॉल्व्हच्या डावीकडे सुमारे वीतभर लांबीत रिमच्या आत बुडालेली सापडली. टायरवाल्याकडे हवा पूर्ण काढली, कडांना साबणाचे पाणी लावले आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून हवा भरली. रेष बाहेर आल्यावर हवा नेहमीच्या दाबावर आणली. आता माथ्याची हालचाल तारेला जेमतेम कळते.

पेटी काढून चालवले तेव्हा ८० वरून ४० पर्यंत हँडल पूर्ण शांत होते. पेटीत नेहमीचे दहा किलो सामान ठेवून पाहिले तर ५८ च्या आसपास क्षणभर सूक्ष्म कंप जाणवतो. गोदातीर सर, हा उरलेला कंप निव्वळ मागच्या वजनाचा समजावा, की अजून काही तपासायचे राहिले आहे?

गोदातीर (नाशिक)

वजनाचाच वाटा मोठा दिसतो. पेटी मागच्या आसाच्याही पलीकडे असल्यामुळे तिच्यातील दहा किलो पुढचे चाक उचलायला पाहतात आणि त्यावरील भार कमी होतो. हत्यारे, कुलूप यांसारख्या जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत हलवा, पेटीत हलके सामान ठेवा. तरीही कंप राहिला तर चाकाचा तोल पाहा: चाक उतरवून आसावर मोकळे टांगले की जड बाजू आपोआप खाली येते, आणि तिच्या बरोबर समोरच्या स्पोकवर वजन बसवून तो साधता येतो. आईंना मागे बसवण्यापूर्वी एकदा एकट्याने, भरलेल्या पेटीसह, त्याच पट्ट्यावर खात्री करून घ्यावी.

पंचगंगा गॅरेज (कोल्हापूर)

कोनसेट आवळलेल्या दिवसाचे मीटर लिहून ठेवा आणि आणखी पाचशे किलोमीटरनंतर “टक” पुन्हा तपासा. जुना टायर फेकला नसेल तर त्याच्या माथ्यावरून उलटसुलट हात फिरवून पाहा. गोटे (असमान झिजेमुळे आलेले उंचसखल भाग) उमटलेले हाताला लागले, तर कोनसेट टायर बदलण्यापूर्वीपासूनच सैल असण्याची शक्यता मोठी आहे.